खाऊ, खावटी आणि एक रुपया

मुलांना हातखर्चासाठी किती पैसे द्यावेत, हा प्रश्न अलीकडे पालकांच्या वर्तुळात बराच चर्चिला जातो. वयाच्या आकड्याला अमुक एका रकमेने गुणावे, आठवड्याने द्यावे की महिन्याने, घरकामाशी त्याची सांगड घालावी की घालू नये, असे नाना हिशेब मांडले जातात. या हिशेबांविषयी आमची काही तक्रार नाही. तथापि हा प्रश्न केवळ संगोपनाचा आहे असे जे गृहीत धरले जाते, ते इतिहासाच्या कसोटीवर टिकत नाही, असे आम्हांस वाटते. मुलाच्या हाती पडणारा पैसा कोणाचा, तो कोणी ठरवला आणि कशाच्या बदल्यात दिला, या तीन गोष्टी पाहिल्यावाचून 'किती' या शब्दाला अर्थ येत नाही. त्या पाहण्यासाठी आम्ही पुण्या-मुंबईच्या दिवाणखान्यापेक्षा ठाणे जिल्ह्यातील शहापूर-मुरबाडचा मुलूख आणि त्यातही भातसा नदीच्या काठचे सापगाव नजरेसमोर ठेवले आहे. कारण पुढे येईलच.

आधी शब्द पाहू. 'पॉकेटमनी' हा शब्द आपण जसाच्या तसा उचलला, कारण त्याला नेमका मराठी प्रतिशब्द नव्हता. होता तो 'खाऊचे पैसे'. या दोहोंत अंतर आहे. खिसा ही मालकीची जागा आहे. खिशात आहे ते माझे, खर्चीन वा राखीन. खाऊ ही मालकी नव्हे, ती कृपा आहे. पाहुणा जाताना हातावर ठेवतो, आजी कनवटीची गाठ सोडून देते, यात्रेच्या दिवशी वडील देतात. त्याला ठरलेला वार नाही आणि ठरलेली रक्कमही नाही. मिळाला तर आनंद. मागणे मात्र असभ्य. शिवाय तो कशासाठी हे नावातच सांगून टाकलेले. तो खायचा आहे, साठवायचा नाही.

याच 'खाणे' धातूपासून मराठीत दुसरा एक शब्द आला आहे. खाऊचे पैसे ठाऊक असलेल्या कित्येक वाचकांना तो ठाऊक नसेल. तो शब्द 'खावटी'. पावसाळ्यात घरातील दाणा संपला म्हणजे आदिवासी कुळ सावकाराकडून खाण्यापुरते भात वा नागली उसनी आणी, तिचे हे नाव. सुगीनंतर ती वाढीसह फेडायची. एका मणाला दीड मण ही दिढी, दोन मण ही दुपटी. शहरातील मुलाचा खाऊ आणि डोंगरातील बापाची खावटी हे सख्खे भाऊ आहेत. दोन्ही ठिकाणी देणारा रक्कम ठरवतो आणि घेणाऱ्याने ती निमूट घ्यायची असते. फरक इतकाच की खाऊ परत करावा लागत नाही.

आता ठरावीक रकमेकडे वळू. दरमहा अमुक इतके, ही कल्पना येण्यासाठी घरात दरमहा अमुक इतके यावे लागते. पगार नसलेल्या घरात पॉकेटमनी असू शकत नाही, हे साधे सत्य पालकशास्त्राच्या पुस्तकांत कोठे लिहिलेले आढळत नाही. महाराष्ट्रात पगार घरी आणणारा वर्ग एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कचेऱ्या, शाळा, रेल्वे आणि गिरण्या यांच्या आश्रयाने वाढला. त्यातही मुलाला नियमित नाणे देणारी घरे थोडी. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, पैशाच्या तीन पै, अशा त्या जगात मुलाचा व्यवहार पै-पैशाचा असे. ढब्बू पैसा, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात निघालेला भोकाचा पैसा, चवली, पावली ही नाणी ज्या पिढीने मुठीत धरली तिला ती अजून डोळ्यांपुढे दिसतात. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान पद्धती आली आणि मुलांचा हिशेब सोपा झाला; खाऊ मात्र स्वस्त झाला नाही. ३० जून २०११ नंतर पंचवीस पैसे व त्याखालील नाणी चलनातून गेली, म्हणजे पावलीचे नावही उरले नाही.

गरीब पण सुशिक्षित घरांत मुलाच्या हाती पैसा न देणे हा जणू धर्मच होता. साने गुरुजींच्या 'श्यामची आई'मध्ये पुस्तकाच्या मोहाने पाहुण्याचे पैसे चोरणारा श्याम आहे. त्या प्रकरणाचे नाव 'मोठा होण्यासाठी चोरी' असे आहे. तीन-चार पिढ्यांनी ते सत्याचा धडा म्हणून वाचले. आम्हांस त्यात आणखी एक गोष्ट दिसते. पुस्तक विकत घेण्याइतका स्वतःचा पैसा त्या मुलाकडे कधी असू शकेल, ही शक्यताच त्या घराच्या हिशेबात नाही. चोरी आणि आईची क्षमा यांच्यामध्ये तिसरा मार्ग नाही. १९३५ साली हे पुस्तक निघाले तेव्हा कोणा वाचकाला हे खटकल्याचे दिसत नाही, कारण बहुतेक घरांचा हिशेब तोच होता.

ही झाली पांढरपेशांची गोष्ट. सापगावाकडे येताच चित्र पालटते. शहापूर तालुका हा जुन्या दप्तरांतला कोळवण. माहुलीचा किल्ला, तानसा, वैतरणा आणि भातसा यांचे पाणलोट, साग-ऐनाचे रान आणि त्यांच्या कुशीत ठाकूर, कातकरी, महादेव कोळी, वारली यांची पाडे-वाड्यांची वस्ती. मधूनमधून आगरी-कुणबी शेतकऱ्यांची गावे. शहापूरहून किन्हवली-मुरबाडकडे जाताना भातसा ओलांडायची, तेथे सापगाव. मुंबईला पाणी पाजणारा हा मुलूख. स्वतः पाण्यासाठी उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणारा म्हणूनही त्याचे नाव वृत्तपत्रांत येत असते. असो.

या मुलखात रोकड फार उशिरा आली. भाताचे एक पीक, त्यावर खंड, त्यावर खावटी, आणि उरले तर बाजार. १९३९ साली सिमिंग्टन या सनदी अधिकाऱ्याने मुंबई सरकारला आदिवासींच्या स्थितीविषयी अहवाल सादर केला, तेव्हा ठाणे जिल्ह्यातील कर्ज, वेठ आणि लग्नासाठी काढलेल्या उसनवारीपायी वर्षानुवर्षे सावकाराच्या घरी राबणारी माणसे सरकारी कागदावर आली. लग्नगडी हा शब्द याच प्रथेतून रूढ झाला. जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्यास किसान सभेचे अधिवेशन झाले. टिटवाळा शहापूरपासून रेल्वेच्या रुळांवर थोड्याच स्थानकांच्या अंतरावर आहे. पुढे डहाणू-उंबरगाव-तलासरीत वारल्यांचा लढा पेटला आणि गोदावरी परुळेकरांनी तो 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात नोंदवला. कायद्याने वेठबिगारी १९७६ साली संपवली. त्याच वर्षी राज्याने आदिवासींच्या मालाची एकाधिकार खरेदी आणि खावटीसारखी कर्जे यांविषयीचा कायदा केला. सावकाराची खावटी सरकारची झाली. २०२० साली कोरोनाच्या टाळेबंदीनंतर तीच खावटी कर्जाऐवजी अनुदान म्हणून, कुटुंबामागे ४,००० रुपये, निम्मे रोख आणि निम्मे वस्तुरूपात, देण्याचे ठरले. वस्तू कोणत्या, हेही सरकारनेच ठरवले. खाऊची रीत ती हीच.

अशा घरात मूल हे खर्चणारे नसते, कमावणारे असते. सात-आठ वर्षांचा मुलगा गुरे राखतो आणि त्याचे मोल धान्यात वा पोटाला भाकरीच्या रूपाने मिळते. मुलगी धाकट्या भावंडाला कडेवर घेते म्हणून आई कामावर जाऊ शकते, म्हणजे तिचे मोल आईच्या मजुरीत दडलेले असते. चैत्र-वैशाखात मोहाची फुले वेचायची, मग करवंदे, जांभळे, पुढे पावसात रानभाज्या. हे सारे पळसाच्या पानांचे द्रोण करून रस्त्याच्या कडेला, स्थानकाच्या बाहेर विकायचे. त्या पैशाची पुरचुंडी संध्याकाळी आईच्या हाती जाते. त्यातून मुलाला कधी चार आण्यांची गोळी मिळालीच, तर ती त्याच्याच कमाईची असते. येथे खाऊ देणारा आणि घेणारा यांची अदलाबदल झालेली आहे.

शाळा चालवणाऱ्यांना ही गोष्ट प्रथम समजली, कारण त्यांच्या शाळा रिकाम्या राहत. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीस बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर ते आदिवासी मुलांत नेले. मुले येत नाहीत, कारण ती गुरांमागे असतात, हे उमगल्यावर त्यांनी 'कुरणशाळा' काढली. गुरे चरतात तेथेच शाळा भरवायची. आमच्या मते महाराष्ट्राच्या शिक्षणेतिहासातील हा अत्यंत बुद्धिमान प्रयोग आहे. मुलाच्या श्रमाला किंमत आहे, हे त्याने नाकारले नाही. ती किंमत बुडू न देता अक्षर देता येईल काय, एवढाच प्रश्न त्याने विचारला.

दुसरा मार्ग म्हणजे ती किंमत भरून देणे. या कल्पनेचा पहिला स्पष्ट उच्चार जोतीराव फुले यांच्या १८८२ सालच्या हंटर आयोगापुढील निवेदनात सापडतो. शूद्रातिशूद्रांच्या मुलांना शाळेकडे ओढण्यासाठी शिष्यवृत्त्या आणि बक्षिसे सढळ हाताने द्यावीत, असे त्यांनी मांडले. याच्या अगदी उलट टोकाचा उपाय कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ साली योजला. प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले आणि मूल न धाडणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड ठेवला. त्या काळचा रुपया म्हणजे मजुराची कित्येक दिवसांची कमाई. तो आकडा बोचावा म्हणूनच ठरवला होता. मुलाच्या गैरहजेरीची किंमत घराला कळली पाहिजे, हा त्यामागचा हिशेब. तिसरा मार्ग कर्मवीर भाऊराव पाटलांचा. १९१९ साली रयत शिक्षण संस्था, १९२४ साली साताऱ्याचे वसतिगृह, तेथे सर्व जातींची मुले एकत्र राहून स्वतः राबत आणि शिकत. 'कमवा आणि शिका' ही योजना पुढे त्यातूनच नावारूपास आली. या मुलाला कोणी खाऊ देत नव्हते. त्याच्या हाती आलेला पैसा त्याने मिळवलेला होता, आणि तो बापाच्या कर्जात न जाता त्याच्या शिक्षणात जाई. आमच्या मते पॉकेटमनीच्या मूळ अर्थाला मराठी मुलखात सर्वांत जवळ गेलेली गोष्ट हीच आहे.

आता आपण त्या रुपयाशी येतो, ज्यासाठी हा सारा प्रपंच.

१९९२ साली महाराष्ट्र शासनाने ठरवले की पहिली ते चौथीच्या वर्गांतील मुलींना शाळेत हजर राहिल्याबद्दल दररोज एक रुपया भत्ता द्यावा. आदिवासी उपयोजना क्षेत्रातील मुली, आणि त्याबाहेरील दारिद्र्यरेषेखालच्या अनुसूचित जाती, जमाती व भटक्या-विमुक्त घरांतील मुली यांच्यासाठी ही योजना होती. अट ७५ टक्के हजेरीची. वर्षाचे कामाचे दिवस २२० धरले, म्हणून वर्षाला अधिकाधिक २२० रुपये. हेतू गळती थांबवण्याचा. शहापूर येथे आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय आहे. त्या परिसरातील पाड्यापाड्यांवरच्या शाळांत हा भत्ता ज्यांच्यासाठी काढला गेला त्याच मुली बसत. गुरुजी हजेरीपटावरून दिवस मोजत आणि यादी वर धाडत.

कल्पना थोर होती, हे आधी मान्य केले पाहिजे. मुलगी शाळेत येते म्हणजे घराचे काहीतरी बुडते, हे सरकारने या एका रुपयाने कबूल केले. शाहू महाराजांचा रुपया दंडाचा होता, हा भरपाईचा. पंच्याहत्तर वर्षांत रुपयाची दिशा फिरली. चूक झाली ती आकडा ठरवताना. ज्याने एक रुपया ठरवला त्याने मनात खाऊ मोजला असावा, म्हणजे लहान मुलीला रोज गोळ्या-बिस्किटांपुरते. घराने मात्र तो मजुरी म्हणून मोजला, आणि मजुरी म्हणून तो १९९२ सालीही अपुरा होता. कडेवरच्या भावंडाला सांभाळणारी मुलगी शाळेत गेली तर आईचा रोज बुडतो. तो रोज रुपयाने भरून निघत नाही. शिवाय रुपया रोजचा असला तरी रोज मिळत नसे. हजेरीची टक्केवारी भरल्यावर, अनुदान आल्यावर, एकगठ्ठा. रोजचा म्हणून मोजलेला आणि वर्षाने हाती पडणारा पैसा मुलीच्या मनात हजेरीशी कसा जोडला जावा? खाऊ म्हणून तो उशिराचा आणि मजुरी म्हणून तो तोकडा ठरला.

आणखी एक गोष्ट घडली, किंवा घडली नाही. तो आकडा हलला नाही. आमदारांचे वेतन, शिक्षकांचा महागाई भत्ता, एस.टी.चे भाडे सारे या काळात कित्येकदा बदलले. मुलींच्या भत्त्याचा रुपया तीन दशके उलटल्यावरही रुपयाच राहिल्याबद्दल वृत्तपत्रांतून टीका झाली. ज्या बापाने १९९२ साली मुलीला ठरवलेला हातखर्च तिच्या मुलीलाही तेवढाच दिला असता, त्याला आपण काय म्हणालो असतो? घरात निदान मूल हट्ट करते, शेजारच्याचे उदाहरण देते, रुसते, आणि आकडा वाढतो. हजेरीपटावरच्या मुलीला रुसण्याची जागा नाही. आम्हांस या योजनेतील सर्वांत शिकण्याजोगी बाब हीच वाटते. रक्कम किती यापेक्षा तिच्याविषयी घासाघीस करण्याचा हक्क कोणाला, हा प्रश्न मोठा आहे.

तीन वर्षांनी, १५ ऑगस्ट १९९५ पासून, केंद्राची शालेय पोषण आहार योजना आली. महाराष्ट्रात प्रथम तिचे रूप कोरड्या तांदळाचे होते. ८० टक्के हजेरी असलेल्या मुलास महिन्याला तीन किलो. पिशवी घेऊन मुले रांगेत उभी राहत. हा तांदूळ घराला कळला. जेथे खावटी धान्यात मोजली जाते तेथे मुलाची हजेरीही धान्यात मोजलेली चटकन उमजते. पोर शाळेत जाऊन तीन किलो आणते, हा हिशेब निरक्षर आजीलाही करता येई. त्या अर्थाने रुपयापेक्षा तांदूळ अधिक प्रामाणिक होता. पण तो मुलाचा राहत नसे, घराच्या मडक्यात पडे. सर्वोच्च न्यायालयाच्या २८ नोव्हेंबर २००१ च्या आदेशानंतर शाळेत शिजवलेले अन्न देणे राज्यांवर बंधनकारक झाले आणि महाराष्ट्रात खिचडी आली. घराचे तीन किलो गेले आणि मुलाच्या पोटात गरम घास गेला. काही घरांनी कुरकुर केली असेल तर ती समजण्यासारखी आहे. आम्ही मात्र खिचडीच्या बाजूचे आहोत. खाऊ हा शब्द येथे पहिल्यांदा आपल्या मूळ अर्थाला जागला. तो खरोखर मुलाने खाल्ला.

याच सुमारास शाळाशाळांत 'संचयिका' चालत असे, म्हणजे मुलांची बचत बँक. मुलांनी खाऊचे पैसे न खर्चता गुरुजींकडे जमा करावेत, पुस्तिकेवर नोंद करावी. शहरी शाळेत याला अर्थ होता. ज्या वर्गात निम्म्या मुली वर्षाअखेरच्या भत्त्याच्या यादीत आहेत, तेथे काटकसरीचा धडा देणे म्हणजे उपाशी माणसाला मिताहार शिकवणे होय.

१९९२ साली पहिलीत बसलेली मुलगी २०२४ साली अडतिसाव्या वर्षात होती. त्या जुलैपासून राज्य शासनाने २१ ते ६५ वयाच्या पात्र स्त्रियांना दरमहा १,५०० रुपये देण्याची योजना सुरू केली. जी मुलगी रोजचा एक रुपया मिळवण्यास पात्र होती, तीच पुढे दरमहा दीड हजारास पात्र ठरली असण्याचा पुष्कळ संभव आहे. या दोन आकड्यांमधल्या काळात तिचे मतदानाचे वय झाले, एवढा तपशील नोंदवून आम्ही पुढे जातो. तिच्या मुलींसाठीही आता आकडे ठरलेले आहेत. १ एप्रिल २०२३ नंतर पिवळ्या वा केशरी शिधापत्रिकेच्या घरात जन्मलेल्या मुलीस जन्मानंतर ५,०००, पहिलीत ६,०००, सहावीत ७,०००, अकरावीत ८,००० आणि अठरा पूर्ण झाल्यावर ७५,००० रुपये. बेरीज १,०१,००० होते; वरचा एक हजार बहुधा शकुनाचा. येथे पैसा हजेरीसाठी नाही, टप्प्यांसाठी आहे, आणि सर्वांत मोठा वाटा लग्नाच्या वयाला येऊन मिळतो. लग्नगड्यांच्या मुलखात तो पैसा कोठे जाईल, याची चिंता आम्हांस वाटते.

सापगावही आता पूर्वीचे राहिलेले नाही. आसनगावचे स्थानक जवळ, कसाऱ्याच्या लोकलने ठाण्या-मुंबईला नोकरीस जाणारी माणसे गावोगाव झाली आहेत. नाशिकचा महामार्ग, आणि २०२५ साली पूर्ण झालेला समृद्धी महामार्ग शहापूर तालुक्यातून जातो. जमिनींना भाव आले, काहींना मोबदला मिळाला. म्हणजे या मुलखात प्रथमच दरमहा पगार येणारी घरे मोठ्या संख्येने उभी राहिली, आणि त्यांच्याबरोबर पालकशास्त्राचा तो प्रश्नही आला. मुलाला किती द्यावे? नोकरदार बाप आठवड्याला पन्नास द्यावेत की शंभर याचा विचार करतो, आणि वैशाखात त्याच रस्त्याच्या कडेला त्याच्याच मुलाच्या वयाची मुलगी करवंदांचे द्रोण मांडून बसते. द्रोणाचा भाव तिने स्वतः ठरवलेला असतो. गाडी थांबली, गिऱ्हाईकाने घासाघीस केली, तर मूठभर करवंदे वर घालते, पण भाव सहसा उतरवत नाही.